तो तसा नाही हो

"मॅडम, धर्माची चिकित्सा केली की लगेच द्वेष्टा ठरवतात. मग काय, बोलायचंच नाही?"

मी समुपदेशक. हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे इतक्यांदा येतो, की माणूस खुर्चीत टेकण्याआधीच मला त्याची चाहूल लागते. विचारणारे बहुधा वाचणारे, चर्चेत हिरीरीने उतरणारे असतात. घरातलं कुणीतरी दुखावलेलं असतं, म्हणून आलेले असतात. अशाच एकांची ही हकीकत, ओळख पटणार नाही इतपत बदललेली.

निवृत्त गणित शिक्षक. त्यांना 'सर' म्हणू. देव मानत नाही, कुठल्याच धर्माचा मुलाहिजा ठेवत नाही, हे त्यांनी बसता बसताच सांगून टाकलं. जाहीर वादांना त्यांना आवर्जून बोलावणं असायचं. पण वर्षभरात त्यांचा प्रत्येक वाद, विषय कुठलाही असो, मुसलमानांवर येऊन थांबू लागला होता. एका सभेत ते बोलून गेले, "ही जमातच तशी." टाळ्या पडल्या. समोर बसलेली त्यांची मुलगी उठून निघून गेली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं.

पहिल्या दोन भेटी वादातच गेल्या, तोही माझ्याशी. सर कुराणातल्या आयती आणि इतिहास काढत होते. धर्मग्रंथांवर त्यांना उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही आणि ते माझं कामही नाही. मी सर्वनामं मोजत होते. स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलताना त्यांची वाक्यं 'हा नियम', 'ही प्रथा' अशी सुरू होत. आवाज चढला की 'ते', 'त्यांना', 'ह्या लोकांना'.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "सर, 'ते' म्हणजे कोण?"

"म्हणजे काय? मुसलमान."

"तुमच्या ओळखीचे किती?"

मी कागद पुढे केला. त्यांनी आठवून आठवून अकरा नावं लिहिली. सहकारी, जुने विद्यार्थी, एक डॉक्टर. मग मी एकेका नावावर बोट ठेवत गेले. "हे?" "छे, तो तसा नाही हो." "आणि हे?" "तो तर माझ्यापेक्षा भला माणूस." "हा मुलगा?" "नाही नाही, तो तसा नाही." एक जण मात्र खरंच कर्मठ निघाला, त्याच्याशी सरांचं कधीच पटलं नव्हतं.

"म्हणजे दहा अपवाद आणि एक नियम?"

सर कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मध्ये त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अशा वेळी समुपदेशकाने काहीही बोलू नये, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. शेवटी तेच म्हणाले, "एखाद्या पोराने असा नियम मांडून दाखवला असता, तर मी शून्य दिलं असतं."

'तो तसा नाही' हे वाक्य दिसतं मोठ्या मनाचं, पण आतून काम भलतंच करतं. ओळखीचा माणूस अपवाद म्हणून कुंपणाबाहेर काढला की कुंपण शाबूत राहतं. म्हणून "माझे कितीतरी मुसलमान मित्र आहेत" हे ऐकून मी निश्चिंत होत नाही. मित्रांमुळे तुमचा नियम बदलला का, एवढंच विचारते.

सर गणितातले, म्हणून त्यांना एक प्रयोग सांगितला. १९७६ साली हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. २६ वाक्यं 'अ' गटातल्या माणसांबद्दल, १३ 'ब' गटातल्या. 'अ'च्या वाट्याला १८ चांगली वागणूक, ८ वाईट. 'ब'च्या वाट्याला ९ आणि ४.

"गुणोत्तर तेच!" सरांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

गुणोत्तर तेच होतं, तरी वाचणाऱ्यांनी 'ब'च्या माथी जास्त वाईटपणा मारला. लहान गट तसाही डोळ्यांत भरतो आणि वाईट कृत्यही. दोन्ही एकत्र दिसलं की मनात त्यांची गाठ बसते. इथे तर गटांना नावंसुद्धा नव्हती, नुसती अक्षरं होती. जगातल्या सुमारे २०० कोटी मुसलमानांपैकी वादाच्या धामधुमीत आपल्या डोळ्यांसमोर येतात ते किती आणि कोणते, याचा हिशेब सरांनी घरी जाऊन केला असावा. पुढच्या वेळी ते जरा चिडूनच आले.

कारण आकड्यांनी राग उतरत नाही. मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेने जाणारी. रागाच्या बुडाशी एखादा 'च' दडलेला असतो यावर माझा भरवसा. सरांचा सापडला: समोरच्याने माझं म्हणणं मान्य केलंच पाहिजे, नाहीतर माझं आयुष्यभराचं काम फुकट. समोरचा मान्य करत नव्हता आणि 'ही जमातच तशी' म्हटलं की हरल्याची बोच जात होती. वर टाळ्या.

टीका सोडा, असं मी कुणालाच सांगत नाही. ब्रिटनमधल्या रनीमीड ट्रस्ट या वांशिक समतेवर काम करणाऱ्या संस्थेचा इस्लामद्वेषावरचा १९९७ सालचा अहवाल पुष्कळांना न वाचताच खुपतो. त्यात बंद नजर आणि खुली नजर असा भेद केला आहे आणि खुल्या नजरेत मतभेदाला, टीकेला जागा आहे. नजर बंद झाली की नाही ते ओळखायला मी एक साधी खूण सांगते. मुसलमानाने हिंसेचा निषेध केला तर 'वरवरचा', गप्प बसला तर 'आतून सामील', असं तुम्हाला वाटतं का? मग त्याने नेमकं काय केलं तर तुम्ही मत बदलाल? उत्तर सापडलं नाही, तर ती चिकित्सा उरलेली नाही.

घरच्यांनीही 'तुम्ही द्वेष्टे आहात' असा शिक्का मारू नये. शिक्का बसला की माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो. सरांच्या मुलीला मी एवढंच सुचवलं, "बाबा 'ते' म्हणाले की शांतपणे विचार, कोण?" तिला ते लगेच जमलं नाही. त्यांच्यात अजून पुरतं सुरळीत झालेलं नाही.

शेवटच्या भेटीत सर एका ताज्या सभेबद्दल सांगत होते. वारसाहक्कावर ते नेहमीसारखेच सडेतोड बोलले होते. नंतर त्या कागदावरचाच एक जुना विद्यार्थी घरी आला आणि दोन तास वाद घालून गेला.

"चुकतोय तो, मॅडम. त्या मुद्द्यावर साफ चुकतोय." मग थोडं थांबून, "रविवारी परत येणार आहे. पुस्तकं घेऊन."