वाचकांचे प्रश्न : टेस्ट ड्राइव्हला बोनेट गार हवं

प्रश्न (कोथरूड) : बाणेरला एकांकडे 2010ची निसान 370 झेड विकायला आहे, सहा गिअरची मॅन्युअल. आजवर मी टर्बो पेट्रोल हॅचबॅकच चालवली आहे. अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये नेमकं काय पाहायचं?

उत्तर : फोनवरच सांगून ठेवा की तुम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसरा दिवस ठरवा. टाइमिंग चेनची खडखड आणि गिअरबॉक्सचे नखरे गार असतानाच उघडे पडतात. मालकाने प्रेमाने गाडी तापवून ठेवली की तुमची निम्मी तपासणी गेली. आणि अर्धा तास पुरणार नाही, तास-सव्वा तास मागा.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. या 3.7 लिटरच्या व्ही-सिक्समध्ये ऑइल साधारण पाच लिटरच बसतं, त्यामुळे लिटरभर कमी असणं ही किरकोळ बाब नाही. मग क्लचच्या फ्लुइडची छोटी बाटली बघा. फ्लुइड काळपट झालं असेल किंवा पातळी खाली असेल तर सावध व्हा. या गाडीचा क्लच स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसतो आणि तो गळणं हे या मॉडेलचं जुनं दुखणं आहे. भाग लहान, पण बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणजे त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदलणं आलं. किमतीची घासाघीस करताना हा खर्च डोक्यात असू द्या.

आता गाडी तीन-चारदा बंद करून पुन्हा सुरू करा. सुरुवातीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टीअरिंग लॉक अडकतो आणि मग इंजिन सुरूच होत नाही.

रस्ता आधी ठरवून ठेवा. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला बाणेरहून बायपासने किवळे, तिथून एक्स्प्रेसवे, उर्शाला उतरून जुन्या महामार्गाने तळेगाव, सोमाटणे फाटा, देहूरोड असं परत या. भूगाव-पिरंगुटकडे जायचा मोह होईल, पण तिथे गाडी कळायच्या आधी गर्दीच कळते. नवले पुलाच्या उतारावर तर अनोळखी गाडीची परीक्षा घेऊच नका.

पहिले दहा मिनिटं चार हजार आरपीएमच्या आत राहा. डॅशबोर्डवर वेगळा ऑइल टेंपरेचरचा काटा आहे, तो 80च्या आसपास येईपर्यंत इंजिनाला छळायचं नाही. तोवर गिअर तपासा. लिव्हरजवळचं ‘एस’ बटण बंद ठेवा. ते चालू असलं की गिअर खाली टाकताना संगणक स्वतःच रेव्ह (इंजिनाचे फेरे) जुळवून देतो आणि झिजलेला सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी कडी) झाकला जातो. 40च्या वेगाला तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका, दोन बोटांच्या जोराने. गार असताना थोडा अडखळला तर चालेल; तापल्यावरही कराकरा वाजला तर सिंक्रो गेला. मग दुसऱ्यातच अॅक्सिलरेटर जोरात दाबून एकदम सोडा. लिव्हर उडी मारून न्यूट्रलला आला तर तिथेच नमस्कार करून परत फिरा.

क्लच घसरतोय का, हे चौथ्या गिअरमध्ये कळतं. 2000 आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा भराभर चढला आणि गाडीचा वेग मात्र मागेच राहिला, तर प्लेट संपली आहे. याच वेळी तुमचा हिरमोडही होईल, कारण टर्बोमध्ये दोन हजारला पाठीत बसणारा धक्का इथे नाही. टॉर्क 360 न्यूटनमीटरच्या पुढे आहे, पण तो मिळतो 5200ला. पूर्ण ताकद सात हजारला आणि रेडलाइन (फेऱ्यांची वरची मर्यादा) 7500ला. म्हणून इंजिन तापल्यावर एक्स्प्रेसवेवर मोकळी लेन पाहून दुसऱ्या गिअरमध्ये 3000वरून 6500पर्यंत एका दमात न्या. वेग साधारण 44वरून 95वर जाईल, म्हणजे 100ची मर्यादाही मोडत नाही. ओढ शेवटपर्यंत वाढत गेली पाहिजे आणि आवाज खर्जातून ताणत वर चढला पाहिजे. पाच हजारनंतर ओढ सपाट झाली किंवा मधेच झटका बसला तर प्लग, कॉइल, एअर फिल्टर यांचा हिशेब मागा. या जोरकस रेव्हनंतर लगेच क्लच दाबून बघा: पेडल तळाशीच राहिलं तर वर सांगितलेला स्लेव्ह सिलिंडर आठवा.

एक गोष्ट टेस्ट ड्राइव्हमध्ये कळणारच नाही. सुरुवातीच्या इंजिनांत टाइमिंग कव्हरमागच्या ऑइल गॅलरीची (ऑइल वाहून नेणाऱ्या वाटेची) कागदी गॅस्केट फाटतात आणि ऑइल प्रेशर पडतं. डॅशवर तापमान दिसतं, प्रेशर नाही. पसंत पडली तर टोकन देण्याआधी गॅरेजमध्ये, तापलेल्या इंजिनाला गेज लावून प्रेशर मोजून घ्या.

कागदपत्रांत एकच मुद्दा, पण मोठा. 2010च्या गाडीच्या आरसीची 15 वर्षं भरली. फेरनोंदणी आणि हरित कर विक्रेत्याने केलाय का, हे आरसीवरची तारीख वाचून ठरवा, त्याच्या तोंडी हमीवर नको. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा: 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, नुसतेच म्हातारे होतात.

प्रश्न (चिंचवड) : जुनी होंडा सिटी 1.5 व्हीटेक पाहिली. सगळे म्हणतात तसा ‘व्हीटेकचा झटका’ काही जाणवला नाही. इंजिन बसलंय का?

उत्तर : बहुधा नाही. व्हीटेक म्हणजे वरच्या रेव्हला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. या सिंगल-कॅम इंजिनात झटका अपेक्षितच नसतो. वरच्या रेव्हला आवाज खरखरीत होतो आणि ओढ न मरता पुढे चालू राहते, इतकंच. दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजारपर्यंत नेलीत का? गर्दीत चार हजारलाच गिअर बदलला असेल तर व्हीटेकपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत. इंजिन पुरतं तापलेलंही हवं. एवढं करूनही वर जीव नसेल तर आधी ऑइलची पातळी बघा. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं, ऑइल कमी पडलं की ते लागतच नाही. त्यानंतर सोलेनॉइडची (व्हीटेकला ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) जाळी. ती गाळाने तुंबते आणि साफ करणं फार खर्चाचं नाही. व्हॉल्व्ह क्लिअरन्स सेट केल्याचं बिल असेल तर उत्तम. पण सगळ्यात आधी टाइमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला.

प्रश्न (औंध) : मुंबईत चालवलेली मित्राची एनए (टर्बो नसलेली) गाडी पुण्यात मंद वाटते. मनाचे खेळ?

उत्तर : नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. एप्रिलच्या दुपारी 40 अंशांत, डिसेंबरच्या पहाटेच्या तुलनेत आणखी तेवढीच वजा करा. दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर त्या एकाच सकाळी चालवा.