पिंपाखालचा बझर गप्प का?

प्रश्न : मी सोलापुरात नववीत शिकते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून मोरीत पिंप भरून ठेवतो. त्याला बारीक चीर गेली आणि रात्रीत निम्मं पाणी वाहून गेलं. त्यावरून विज्ञान प्रदर्शनासाठी गळतीचा बझर केला: ९ व्होल्टची बॅटरी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, तांब्याच्या दोन तारा. वाटीतल्या पाण्यात वाजतो, फरशीवरच्या पाण्यात नाही. एक तार हिरवीही पडली. काय चुकलं?

उत्तर : बाळ, जोडणी बरोबर आहे, नाहीतर वाटीतही वाजलं नसतं. अडचण तारांच्या टोकांशी आहे. तुझं पत्र वाचून मी नव्या पेठेतल्या माझ्या दुकानात तसंच सर्किट जोडलं आणि शहाबादी फरशीवर चमचाभर पाणी ओतलं. पाणी कागदासारखं पातळ पसरलं, तारांची टोकं जेमतेम ओली झाली. अशा थराचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फार वाढतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे छोटा करंट घेणाऱ्या पायाला, पोचणारा करंट इतका थोडा, की ट्रान्झिस्टरने शंभरपट केला तरी बझरला पुरत नाही.

मग जुन्या सोलापुरी टॉवेलची बोटभर पट्टी कापली आणि स्टेनलेस स्टीलच्या दोन तारा अर्धा सेंटीमीटर अंतराने तिच्यात ओवल्या. सुती धागा पाणी वर ओढून घेतो. थोड्याच थेंबांत बझर वाजला, फार आनंद झाला मला! पट्टी मात्र स्वच्छ खळबळून वाळवलेली हवी.

शिवाय दुसरा बीसी ५४७ लाव. एमिटर आणि कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे उरलेले दोन पाय. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दुसऱ्याचा एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला, दोघांचे कलेक्टर एकत्र बझरला. हीच डार्लिंग्टन जोडी, पहिल्याने वाढवलेला करंट दुसरा आणखी वाढवतो. पहिल्या बेसच्या वाटेवर करंट मर्यादेत ठेवणारा १० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नकोस. तारा एकमेकींना टेकल्या तरी ट्रान्झिस्टर वाचतो.

हिरवी पडलेली तार बॅटरीच्या धन बाजूची असणार, बघ. ओल्यात करंट वाहत राहिला की त्या तारेचं तांबं विरघळतं. चाचणी झाली की तारा लगेच पुसायच्या.

मोरीत रोजच पाणी सांडतं, तेव्हा पट्टी उघड्या फरशीवर ठेवलीस तर बझर दिवसभर वाजेल. पिंप विटांवर चढव, चिरेखाली ताट ठेव, पट्टी ताटात. ताट प्लॅस्टिकचं घे. स्टीलच्या परातीला दोन्ही तारा टेकल्या तर गळती नसतानाही वाजेल. प्रदर्शनात नळाचंच पाणी वापर. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये क्षार जवळजवळ नसतात, त्यात बझर वाजेलच असं नाही.