पेटी बंद केली का सूर उतरते

*मावशी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. वय १९. लहानपणापासून भजनी मंडळात गाते. मंडळात बाकी सगळे पुरुष. पेटीवर काका असतात, त्यांनीच शिकवलं. जूनमध्ये संगीत महाविद्यालयाची ऑडिशन आहे. मोबाईलवर पाहून नऊ राग तयार केले. पण पेटी बंद केली का माहा सूर खाली उतरते, आन् वर गेलं का आवाज चिरकते. मैत्रिणी म्हणतात, भजनवालीले तिथं कोण घेईल? काकांना अजून सांगितलं नाही. – एक गाणारी*

पोरी, नवातले सात राग आजच बाजूला ठेव. भूप आणि यमन पुरेत. भूपात पाचच स्वर, म्हणून तो सोपा वाटतो. पण लपायला जागा नसते. यमनात तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, नीट लागला की ऐकणाऱ्याला कळतं, पोरीला कान आहे. समोर बसलेल्यांना तुझ्याकडून मैफल नको असते. सा कुठं ठेवतेस आणि त्यांनी गुणगुणलेली ओळ तशीच उचलतेस का, एवढं ते बघतात. मधेच थांबवलं तर घाबरू नको. पुरेसं ऐकलं की थांबवतात.

आता चिरकण्याचं. मंडळ काळी एक-दोनमध्ये गात असणार, म्हणजे पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी सा धरून, पुरुषांच्या गळ्याला सोयीच्या पट्टीत. तू त्यातच वरचा सा धरून गात आलीस, मग अंतऱ्याला गळा ताणणारच. हा गळ्याचा दोष नाही, पट्टीचा आहे. बहुतेक बायका काळी चार-पाचच्या आसपास गातात, तेही खालच्या सप्तकातला सा धरून. खाली मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, ऐकू येईल असा लागला आणि वर तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, न ओरडता लागला, की ती तुझी पट्टी. ‘कोणत्या पट्टीत गाता?’ हा पहिलाच प्रश्न असू शकतो, तेव्हा उत्तर तयार ठेव.

पेटीचं दुखणं जुनं आहे. पेटी आयता सूर देते, गळा तिच्या खांद्यावर हात टाकून चालतो. खांदा काढला की तोल जातो. मोबाईलवर तानपुरा लाव, रोज पहाटे अर्धा तास नुसता सा, मग पंचम. आणि एक कर. नेहमीचं एक भजन काहीही न वाजवता गा. शेवटच्या ओळीनंतर पेटीवरचा तुझा सा दाब. उतरली असशील तर लगेच कळेल. मग शोध, कुठं उतरलीस. बहुतेक वेळा लांब ओळीच्या शेवटी दम संपतो तिथंच घसरगुंडी असते. तिथं आधी श्वास घे. आठ-पंधरा दिवसांत फरक दिसेल.

हे कूलर बंद करून कर बरं! मे महिन्यात आपल्याकडं कूलरशिवाय बसणं म्हणजे शिक्षा, मान्य. पण कूलरच्या घूंऽऽलाही स्वतःचा सूर असतो आणि गळा नकळत त्यालाच जाऊन चिकटतो. माझ्या बहिणीनं एका उन्हाळ्यात महिनाभर कूलरसमोर रियाज केला. परीक्षेच्या खोलीत फक्त पंखा होता, आणि बाई सा शोधत बसल्या.

तालाचं थोडक्यात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तुझ्या अंगात आहेत. तीनतालाच्या सोळा. पुष्कळ बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’च्या जागी उठतो आणि समेवर, पहिल्या मात्रेवर येतो. भाकरी थापताना हातावर टाळी-खाली धरत म्हण.

फॉर्म एकाच ठिकाणी भरू नको. छत्तीसगडातल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आहे, राजघराण्यानं आपला राजवाडाच दिला त्यासाठी. नागपूरहून रायपूरकडच्या गाडीनं डोंगरगडला उतरायचं, पुढं रस्त्यानं. तिथं हिंदी चालते, तुला जड जाणार नाही. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, माहितीपत्रक मागवून वाच.

‘भजनवाली’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या आश्रमात ने. महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं बसवून ठेवली. भीमसेन जोशींच्या अभंगांना तर तिकीट काढून लोक जायचे. ‘आणखी काही ऐकवा’ म्हणाले तर भजनच म्हण, पण तुझ्या पट्टीत. अंगविक्षेप नकोत, माईकची सवय सोड.

राहिले काका. सगळ्या पत्रात त्यांच्यासाठी दोन ओळी, आणि दुसरी लपवल्याची. रागावतील असं तुला वाटतं. रागावतीलही, पेटीवाल्या माणसाला आपली गाणारी गेली की मंडळाचं काय, हे पहिलं सुचतं. पण त्यांना जूनमध्ये कळण्यापेक्षा आज कळू दे. शिवाय तुला घरात एक कान हवाय, आणि सूर कुठं हलला हे त्या माणसाइतकं चटकन गावात कुणाला कळणार? संध्याकाळी जेवणं झाली की त्यांच्यासमोर बस, सगळं सांग. मग म्हण, काका, भाता बंद ठेवा, डोळे मिटा, आणि मी उतरले की मांडीवर थाप मारा.