देणगी मागायला निघण्याआधी

माजी विद्यार्थी कक्षात रुजू झालास, पण लगेच पावतीपुस्तक घेऊन बुटीबोरीच्या कारखान्यांकडे धावू नकोस. आधी नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, म्हणजे एलआयटीचा, इतिहास वाच. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला संपत्ती देताना हेतू मोघम ठेवला नाही: उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राचं शिक्षण. त्यातूनच १९४२ मध्ये एलआयटी उभी राहिली. देणाऱ्याच्या मनात नेमकं काय आहे ते ओळखणं हेच आपलं खरं काम, आणि त्याला वेळ लागतो. माजी विद्यार्थी कोणत्या प्रयोगशाळेत रमायचा, कोणत्या सरांचं नाव निघालं की खुलतो, ते ऐक. पैशाचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत काढ.

कंपन्यांचं गणित वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. तिथे प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि मुदत चोख हवी. २,००० रुपयांवरची देणगी रोखीने घेऊ नकोस. देणाऱ्याची करसवलत जाते.

पैसे आल्यावर गप्प बसणं मला अजिबात पटत नाही. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीचं पत्र, घेतलेल्या यंत्राचा फोटो, खर्चाचा हिशेब दरवर्षी पाठव, ५०० रुपये देणाऱ्यालाही.