पहिला सेट घेताना

भाऊ, किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकायचंय, तर पिकांचा (कुलपात घालायच्या बारीक सळयांचा) वीस-पंचवीस नगांचा सेट घेऊ नको. एक छोटा हुक (टोक वळलेला पिक), एक रेक (नागमोडी टोकाचा पिक), कुलपाला फिरवायचा ताण देणाऱ्या दोन-तीन जाडीच्या टेन्शन पट्ट्या, बस झालं. पिक मोडतो तो बहुतेक पट्टीवर जास्त जोर दिल्यानेच.

पारदर्शक कुलूप आतल्या पिना (किल्लीच्या दातांनी उचलल्या जाणाऱ्या बारीक खुंट्या) कशा उचलतात ते पाहण्यापुरतं ठीक; हात त्यावर बसत नाही. त्यापेक्षा नागपूरच्या इतवारी बाजारातून छोटी, स्वस्त पितळी कुलपं आण. घेताना किल्ली पाहा: चपटी, करवतीसारख्या दातांची हवी, म्हणजे ते पिनांचं कुलूप. गोदरेजचं नवताल कुलूप लिव्हरचं (आत पिनांऐवजी सपाट पत्रे असलेलं), ते या सेटचं काम नाही. पिन बसली की बोटाला हलकी टिक लागते, ती ओळखायला शिक.

घरच्या दारावर सराव नको. कुलूप बिघडलं तर बाहेरच बसशील. आणि सेट खिशात घालून रात्री बर्डीवर फिरू नको. रात्री घरफोडीची हत्यारं सोबत बाळगण्याबद्दलचं महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ एकदा वाचून घे.