प्राचीन संस्कृतींचं आकाशनिरीक्षण लोकांपर्यंत पोहोचवण्यात कुणा खगोलशास्त्रज्ञाने आख्खं करिअर घातलंय का?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दुर्बिणीपेक्षा जुनी देवळं, दगडी वर्तुळं आणि ताऱ्यांच्या गोष्टी यांची ओढ जास्त आहे आणि घरचे विचारतायत की यावर पोट भरतं का. एका माणसाचं भरलेलं मला पक्कं माहीत आहे. मी नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसला राहतो. तो माणूस जिथे काम करत आला ती टेकडी माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे.

नाव एड क्रुप. जन्म 1944, शिकागोचा. इथली ग्रिफिथ वेधशाळा 1935 साली लोकांसाठी उघडली. तिची सूत्रं 1974 मध्ये क्रुप यांच्याकडे आली आणि पुढे पन्नास वर्षं त्यांच्याचकडे राहिली. वेधशाळा म्हटली तरी तिथे संशोधन असं फारसं होत नाही. शहराची जागा आहे, आत जायला तिकीट नाही, छतावर झाइसची 12 इंची दुर्बीण आहे आणि तिच्यामागे रांगेत शाळेची पोरं, टॅक्सीवाले, हॉलिवूडची पाटी बघायला आलेले पाहुणे, सगळे उभे असतात. म्हणजे क्रुप यांची नोकरी मुळातच लोकांना आकाश दाखवायची. त्या नोकरीत राहून त्यांनी इंग्लंडमधलं स्टोनहेंजचं दगडी वर्तुळ, इजिप्त, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची शहरं, चीन असं जग पालथं घातलं. 2000 हून जास्त प्राचीन ठिकाणं स्वतः जाऊन पाहिली आणि त्यावर पुस्तकं, लेख, भाषणं केली.

तुमच्या कामाची गोष्ट अशी की त्यांची पीएच.डी. यातली नाही. 1972 साली यूसीएलए या इथल्याच विद्यापीठातून त्यांनी दीर्घिकांच्या गुच्छांवर पीएच.डी. केली, म्हणजे अगदी आजचं खगोलशास्त्र. ग्रिफिथमध्ये त्याआधीच तारांगणात व्याख्यानं द्यायला लागले होते. घरच्यांना हे जरूर सांगा.

आता किस्सा. 17 जानेवारी 1994, पहाटे साडेचारच्या सुमारास इथे मोठा भूकंप झाला. वीज गेली, लोक घाबरून रस्त्यावर आले. नंतर वेधशाळेत फोन सुरू झाले: आज आकाश असं विचित्र का दिसतंय, भूकंपाशी त्याचा काही संबंध आहे का? काय विचारतायत हे कळायला तिथल्या लोकांना जरा वेळ लागला. दिवे गेल्यामुळे लोकांना तारे दिसले होते, एवढंच. क्रुप ही गोष्ट सांगत आले आहेत. मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा हसू आलं, मग जरा ओशाळल्यासारखं झालं. इथे राहायला आल्यापासून मी तरी कधी मान वर केली होती?

आणि याच शहराच्या आसपासच्या डोंगरांत चुमाश लोक राहत होते, ज्यांच्याकडे वर्षाचा हिशोबच आकाशात मांडलेला होता. त्यांच्या कथेत सूर्य आणि आकाशातला कायोटी (आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद म्हणा) वर्षभर रोज रात्री जुगार खेळतात आणि चंद्र गुण मोजतो. हिशोब होतो डिसेंबरच्या अयनदिनाला, म्हणजे वर्षातल्या सर्वात लहान दिवशी. कायोटी जिंकला तर पाऊसपाणी आणि खायला भरपूर, सूर्य जिंकला तर माणसांचं मरण. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो हे लक्षात घेतलं की ही कथा नुसती गोष्ट राहत नाही. सूर्याने दक्षिणेचं टोक गाठायचं आणि पाऊस कसा होईल याची धाकधूक लागायची, दोन्ही एकाच वेळी. क्रुप यांचा भर सतत यावर असतो: त्या लोकांना आकाशातून काय हवं होतं? पेरणी, शिकार, राजाचा रुबाब की मेलेल्यांची वाट? खांब कुठल्या दिशेला आहेत ते मोजण्याआधी हे विचारायचं.

पण माणूस भोळा नाही, हे मला जास्त आवडतं. गिझाचे तीन पिरॅमिड म्हणजे मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांचा नकाशा, ही कल्पना नव्वदच्या दशकात फार गाजली. क्रुप यांनी साधी गोष्ट दाखवून दिली. ज्या चित्रांवरून हे पटवलं जात होतं त्यात आकाशाची उत्तर वर होती आणि पिरॅमिडांची दक्षिण वर. जुळवायचं तर इजिप्त उलटं धरावं लागतं! तसंच 2012 चं. माया दिनगणनेत 1,44,000 दिवसांचं एक बाकतुन, अशी 13 बाकतुनं त्या डिसेंबरात पूर्ण होत होती. आपल्याकडच्या चॅनलांनीही तेव्हा जगबुडी चालवली होती. क्रुप आधीपासून लिहून-बोलून सांगत होते की असं काही होणार नाही. त्या 21 डिसेंबरला वेधशाळा मध्यरात्र उलटेपर्यंत उघडी ठेवली होती.

2002 ते 2006 वेधशाळा बंद ठेवून 9.3 कोटी डॉलर खर्चून तिचं नूतनीकरण झालं. जुन्या इमारतीचा चेहरा तसाच ठेवून बरीचशी नवी जागा जमिनीखाली खोदून काढली. त्यात मला सर्वात आवडलेली जागा अगदी साधी आहे. पश्चिमेच्या बाजूला एक उघडी मार्गिका आहे, जिथे दुपारी सूर्य त्या दिवसातल्या सर्वात उंच जागी येताना त्याचा प्रकाश खुणांच्या पट्टीवर पडतो आणि वर्षातला कुठला काळ चालू आहे ते कळतं. अयनदिनाला तिथे दुपारचा कार्यक्रम असतो. गेल्या डिसेंबरात लेकीला घेऊन गेलो होतो. घड्याळात 11 वाजून 51 मिनिटं आणि तिथले लोक सांगतात की खरे बारा आत्ता वाजले. सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर. लेक म्हणाली, "बाबा, मग आपलं घड्याळ खोटं?" मी रेखांश समजावायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला ती खारीच्या मागे पळाली.

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून तिथे उभं राहिल्यावर किरणोत्सव आठवणारच. अंबाबाईच्या देवळात 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग कमरेपर्यंत, मग चेहऱ्यावर. लहानपणी वाटायचं, वर्षात दोनदा येतात म्हणजे दुप्पट चमत्कार. मोजून बघा: 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 42. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परतताना त्याच जागेवरून दोनदा जातो, तेव्हा दुसरा उत्सव फुकटात मिळतो. विचारायचं ते पहिल्याबद्दल: बांधणाऱ्यांनी ही दिशा मुद्दाम धरली का? हे विचारायची सवय मला क्रुप यांच्या लिखाणामुळे लागली. (आजीसमोर विचारलं असतं तर चप्पल मिळाली असती.)

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मयंक वाहिया. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत खगोलभौतिकीत काम करणारा हा माणूस पुढे या विषयाकडे वळला आणि अमरावतीच्या गणेश हलकारे यांच्यासोबत विदर्भातल्या गोंडांच्या गावांत जाऊन आकाशाच्या गोष्टी गोळा केल्या. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. मृग म्हणजे नांगर आणि सप्तर्षी म्हणजे म्हातारीची खाट, ती पळवायला आलेले तीन चोर. हे वाचून मी उडालोच, कारण आमची आजी अंगणात झोपल्यावर नेमकं हेच दाखवायची. फक्त तिची खाट म्हणजे बाजलं होतं.

तर फिजिक्स सोडू नका, पीएच.डी. हवी तर नेहमीच्या विषयात करा, आणि नोकरी शक्यतो अशी शोधा जिथे रोज अनोळखी लोकांना आकाश दाखवावं लागेल: तारांगण, विज्ञान केंद्र, शाळा. वाचायला सुरुवात क्रुप यांच्या 1983 च्या 'एकोज ऑफ द एन्शन्ट स्काइज'पासून करा. आणि सुट्टीत एखाद्या म्हाताऱ्या माणसासोबत गावाकडे गच्चीवर झोपा, वही घेऊन.

आमच्या आईला हे सगळं फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून दर 9 नोव्हेंबरला इथे पहाटे सव्वाचारला तिचा व्हॉट्सॅप येतो. गेल्या वेळचा असा होता: "ढग होते. पायापर्यंतच आली. लिहून ठेव."