ठोसा की उघडा हात? चेहऱ्यावर मारायचं तर उघडाच हात

तुम्ही विचारलंय की अंगावर कोणी आलं तर मूठ वळून मारावं की उघड्या हाताने, आणि ठोशात ताकद जास्त असते हे खरं का. पहिल्याचं उत्तर सरळ देते. चेहरा किंवा डोकं समोर असेल तर उघडा हात, म्हणजे तळहाताचा मनगटालगतचा मांसल भाग. मूठ पोटासाठी आणि बरगड्यांसाठी ठेवा. ताकदीच्या प्रश्नावरून मात्र मी आमच्या सरांशी वर्षानुवर्षं भांडत आलेय, त्यामुळे ते जरा सविस्तर लिहिते.

आमचे सर कराटेचे. शिकवायला उत्तम, पण तळहाताचा फटका त्यांच्या लेखी परीक्षेपुरता. "चापटीने कोणी पडतं का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मनगट सरळ, पहिल्या दोन गाठी पुढे, आणि मार ठोसा! माझा हात लहान, मनगट बारीक, घामेजलेल्या मुठीत ते वाकतं, हे मी कित्येकदा सांगितलं. उत्तर एकच: सराव वाढव. सराव मी वाढवलाच, पण घरी भिंतीला उशी टेकवून तळहाताचा.

मग एका रात्री इमारतीच्या जिन्यात, वळणावर, एक अनोळखी माणूस आडवा आला. माझा डावा दंड धरला आणि मला भिंतीकडे रेटायला लागला. मी ओरडले, "हात सोड!" सोडला नाही. तो इतका जवळ होता की हात मागे नेऊन ठोसा मारायला जागाच नव्हती. उजवा तळहात खालून वर, थेट हनुवटीखाली घातला. बोटं मागे ताणलेली, कोपर अंगालगत, जोर पायातून. त्याच्या दाढीचे खुंट तळहाताला खरखरीत लागले आणि दातावर दात आपटल्याचा कट्ट आवाज आला. मान मागे गेली की माणसाचा तोल जातो. त्याचाही गेला, दंडावरची पकड सुटली, तो कठड्यावर रेलला. मी खाली पळाले. ज्या हाताने मारलं त्याच हाताने फाटकाची कडी काढली, त्याच हाताने फोन लावला. तळहात रात्रभर हुळहुळत होता, बाकी काही नाही.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "नशीब तुझं. ठोसा बसला असता तर तो उठला नसता."

हे मला आजही बोचतं. तो उठतो की नाही याच्याशी मला काय देणंघेणं होतं? मला दंड सोडवून घ्यायचा होता आणि पुढे कडी काढायला हात शाबूत हवा होता.

हातात 27 हाडं असतात, बहुतेक बारीक. कपाळाचं हाड जाडजूड. ठोसा येताना दिसला की माणूस आपोआप मान खाली घालतो, आणि नाकावर मारलेला ठोसा कपाळावर बसतो. करंगळीच्या गाठीमागचं हाड तिथे मोडतं. याला डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात, आणि ते बहुतेकदा न शिकलेल्या माणसाच्याच हातात सापडतं. अर्थात शिकलेलेही सुटत नाहीत. 1988 मध्ये माइक टायसन हेवीवेट जगज्जेता असताना न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर मिच ग्रीन या दुसऱ्या बॉक्सरशी भिडला आणि टायसनचाच उजवा हात मोडला. रिंगमध्ये तोच हात पट्ट्या आणि ग्लोव्हजच्या आत असायचा.

उघड्या हाताला कमी लेखणाऱ्यांनी पॅनक्रेसच्या लढती पाहाव्यात. 1993 मध्ये जपानात सुरू झालेल्या या स्पर्धेत डोक्यावर मुठीने मारायला बंदी होती, तळहाताने मुभा. बास रुटन या डच लढवय्याने तिथे तळहातानेच भलेभले आडवे केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना हातघाई शिकवणारा विल्यम फेअरबर्न त्याआधी शांघायच्या पोलिसांत होता. हनुवटीखालचा तळहाताचा फटका त्याच्या शिकवणीत अगदी वरच्या क्रमावर होता. ही काही चापट नव्हे.

ठोशाचेही गुण आहेत. पल्ला थोडा लांब पडतो, मार लहान जागेवर एकवटतो, भुवई किंवा ओठ फाटतो. तुम्ही वर्षानुवर्षं बॉक्सिंग करत असाल आणि ठोसा अंगवळणी पडला असेल तर ऐन वेळी तोच निघेल, आणि निघू द्या. खांदे, मानेची बाजू अशा ठिकाणी मुठीची करंगळीकडची कड हातोड्यासारखी वापरता येते, त्यात गाठी वाचतात. तळहातालाही धोका आहे: बोटं पुढे राहिली तर ती मुरगळतात. डोळ्यात बोटं खुपसा असं सांगणाऱ्यांनी ते हलत्या डोक्यावर करून दाखवावं.

आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. पळता येत असेल तर पळा, मागितला तर फोन देऊन टाका. मागे पडलेल्या माणसाचं डोकं फरशीवर आपटलं तर तो मरू शकतो, मग तो ठोशाने पडो की तळहाताने. म्हणून सुटका झाली की दुसरा फटका नाही. आणि ठोसा मारताना समोरच्याच्या दाताने गाठ कापली गेली असेल तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात आणि बोट कायमचं आखडू शकतं.

तुम्ही कुठे शिकत असाल तर सरांना एक विनंती करून बघा. पट्ट्या आणि ग्लोव्हज काढून, घामेजल्या हाताने, हलत्या जड बॅगवर पूर्ण जोराने आधी तळहात मारू द्या म्हणावं, आणि मग ठोसा. माझ्या सरांनी ठोशाला परवानगी दिली नाही. म्हणाले, हात मोडेल.